माशाच्या रक्तातले शिपाई आणि गवंडी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला प्रकल्पाचा विषय मिळाला तेव्हा सगळ्यांत आधी माझी आई हसली. मरळ माशाच्या आणि पांढऱ्या उंदराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि त्यांत काय सारखं, काय वेगळं ते लिहायचं, असा तो विषय होता. "सारखं निघालं तर काय करशील?" ती म्हणाली. "उंदराला पाण्यात सोडशील?"

नाना, म्हणजे माझे वडील, हसले नाहीत. ते धुळ्यात एका छोट्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. त्यांनी विचारलं, "यात लोकांना सांगण्यासारखं काय आहे?" आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचं मोल असंच ठरायचं. पुस्तकं आमच्याकडे कमी होती, पत्रकं मात्र ढिगानं. गिरणीचा संप, हुंडा, पाण्याचा हक्क, भगतबाबांचे गंडे, वसतिगृहातलं जेवण, अशा सगळ्या भांडणांची पत्रकं नानांच्या हाताखालून जायची. जी वेडीवाकडी छापली जायची त्यांची कव्हरं माझ्या वह्यांना असत. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. माझ्या तोंडातलं पहिलं मोठं वाक्य म्हणे "जागे व्हा" असं होतं, आणि ते मी झोपलेल्या आजोबांना म्हटलं होतं.

पत्रकाबद्दल नानांचा एक नियम होता. एक पान, एक म्हणणं, आणि त्यात 'पण' नको. ते सांगायचे, "पत्रक माणूस चालता चालता वाचतो. 'पण' आला की तो थांबतो, आणि थांबला की चुरगळतो." लोक मजकूर घेऊन यायचे तेव्हा नाना आधी पेन्सिलीनं त्यातले 'पण' शोधायचे. एक सापडला तर हसून सोडून द्यायचे. दोन सापडले तर कागद परत करायचे आणि म्हणायचे, "तुमचं अजून ठरलेलं नाही. ठरलं की या."

मी असल्या घरातली. माझं सगळं ठरलेलं होतं.

कॉलेज जळगावला होतं. तिथं खोली शोधताना तीन घरांत मला आडनाव विचारलं गेलं आणि तिन्ही घरांतली खोली नेमकी 'कालच गेलेली' होती. चौथ्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. तिला कमी ऐकू यायचं. तिनं आडनाव विचारलंच नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत बसायची तेव्हा मी नुसती शिकायला बसलेली नसायची, कुणाला तरी उत्तर द्यायला बसलेली असायची.

मासे मी धुळ्याहून न्यायची. आमच्या वस्तीच्या तोंडाशी बाजाराच्या कट्ट्यावर एक भोई बाई मासे विकायला बसायच्या. त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायची. त्यांचा मुलगा गावाबाहेरच्या तलावावर जाळं टाकायचा. मरळ हवेतही श्वास घेते, ओल्या गोणपाटात तास न् तास जगते. अक्का माझ्यासाठी गळाला न लागलेली, सापळ्यात सापडलेली, अंगावर ओरखडा नसलेली मरळ वेगळी ठेवायच्या. मी ती झाकणाच्या डब्यात घालून एस.टी.नं जळगावला न्यायची. पारोळ्याच्या पुढे एकदा डब्यातून फडफड झाली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, आत जे कोण बसलंय त्याचं हाफ तिकीट काढावं लागेल."

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. शेपटीजवळून सुईनं रक्ताचा थेंब काढला, काचपट्टीवर पसरला, जांभळा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर हजारो पेशी आणि प्रत्येकीच्या मध्ये गडद ठिपका, म्हणजे केंद्रक. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, ते पांढऱ्या पेशीत असतं, हे मला पाठ होतं. मी माझ्या प्रकल्पाच्या सरांना सांगितलं की या माशाच्या रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार आहेत, तो फार आजारी असावा.

सरांनी डोळा लावून पाहिलं. ते शांत गृहस्थ होते. खडूची पूड कायम त्यांच्या शर्टाच्या खिशावर असायची. "मासा ठणठणीत आहे," ते म्हणाले. "माशाच्या तांबड्या पेशीतही केंद्रक असतं. तुम्ही त्याला तुमच्या मापानं मोजलंत."

मी ओशाळले. मग रोज बसून बसून डोळा सरावला. लंबगोल तांबड्या पेशींच्या गर्दीत गोल, निळसर पेशी वेगळ्या दिसू लागल्या. एके दिवशी मी तीन काचपट्ट्या शेजारी ठेवल्या. एक मरळीची, एक उंदराची आणि एक माझ्या बोटाची. तिन्हींत मला त्याच गोल पेशी दिसल्या, मध्ये मोठा जांभळा गोळा आणि भोवती निळी कड. सर सांगायचे की शरीरात परका जंतू शिरला की यांतल्या काही पेशी त्याला गिळतात आणि काही त्याच्याविरुद्ध हत्यार बनवतात. माशाच्या, उंदराच्या आणि माझ्या अंगात एकच फौज पहारा देत होती. ज्या तीन घरांनी मला खोली नाकारली होती त्यांच्याही अंगात.

त्या रविवारी मी बसमध्येच पत्रक लिहिलं. मथळा होता 'माशाच्या रक्तातले शिपाई'. मजकूर असा की मासा, उंदीर आणि माणूस यांच्या रक्तात एकच फौज आहे, ती एकाच शत्रूशी एकाच रीतीनं लढते, आणि जो माणसामाणसांत रक्ताचा भेद सांगतो त्यानं आधी माशाला विचारावं. नानांनी पेन्सिल घेऊन 'पण' शोधला. एकही नव्हता. त्यांनी ते त्याच संध्याकाळी जुळवायला घेतलं. खिळे उचलताना ते हळूच म्हणाले, "आता तू लिहायला लागलीस." ते वाक्य मी पुढे बरेच दिवस अंगावर शालीसारखं घेऊन फिरले.

पत्रकं आम्ही वस्तीतल्या तरुण मंडळाच्या पोरापोरींनी वाटली. शाळांच्या फाटकांवर, एस.टी. स्टँडवर आणि अर्थात बाजाराच्या कट्ट्यावर. अक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या सुनेनं वाचून दाखवलं. अक्कांनी टोपलीतल्या मरळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हाई तर मन्हापेक्षा शिकेल शे." सगळा कट्टा हसला. त्यांनी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

थंडी पडली आणि तलावातल्या माशांच्या अंगावर फोड यायला लागले.

आधी मरळीला, मग पुंटी या लहान माशांना. कुणीतरी पेटता निखारा टेकवून उचलावा तसे लाल, खोल घाव. काहींची शेपूट झडत आलेली. त्या वर्षी असा रोग इकडे तिकडे पसरल्याचं लोक बोलत होते. अक्कांनी असलं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा मुलगा घाव असलेले मासे तलावाकाठीच पुरून यायचा, कट्ट्यावर फक्त चांगले यायचे. तरी आठवडाभरात गिऱ्हाईक थांबलं.

हे मला कळलं ते मी रविवारी घरी आले तेव्हा. अक्का छापखान्यात आल्या होत्या. नाना त्यांना स्टूल देत होते, त्या बसत नव्हत्या. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं, घडीवर फाटत आलेलं.

"हाई तूच लिखं ना, माय?"

"हो अक्का."

"मंग आते तूच सांग. कोनी मासा लेत नही. तो गुरुजी शे ना, दर बुधवारले येनारा, तो हाऊ कागद लिसन उना. म्हने, आठेच लिखेल शे, मासानं आन आपलं रगत एकच. मंग मासाना रोग आपले व्हनार नही का?"

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या रागावलेल्या नव्हत्या. दवाखान्यात चिठ्ठी दाखवायला आलेल्या माणसासारखा त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला होता.

"गुरुजी चुकीचं बोलला का?" त्यांनी विचारलं.

तोच तर प्रश्न होता. गुरुजी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचे, पत्रकं वाचणाऱ्या थोड्या लोकांपैकी होते. त्यांनी माझा मजकूर माझ्यापेक्षा नीट वाचला होता. फौज एकच, शत्रू एकच, असं मीच लिहिलं होतं. त्याच्या पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं, एवढंच.

अक्कांनी पुढचं सांगितलं. मुलगा जाळं विकून सुरतेला यंत्रमागावर जायचं म्हणत होता. त्याचा साडू तिकडे होता. होळीच्या आत कामाचं कळवतो म्हणाला होता. जाळं गेलं की तलावावरचा हक्क दुसऱ्याकडे जाणार, कट्ट्यावरची जागाही. "मी मंग काय इकू? वांगा?" अक्का म्हणाल्या. "माले वांगा पारखता येत नही."

मी म्हटलं, "अक्का, मी जळगावहून नक्की काय ते विचारून येते. दुसरं पत्रक काढू."

"लवकर काढ," त्या म्हणाल्या. जाताना त्यांनी घाव असलेल्या दोन जिवंत मरळी मला दिल्या. ओल्या गोणपाटात, वेगळ्या बांधलेल्या. "याबी ली जाय. तुना शिपाई काय करी राहिनात ते देखी ले."

मी सरांपुढे पत्रक ठेवलं. तोपर्यंत त्यांना ते दाखवलं नव्हतं, त्यांना 'पण' फार आवडतात हे मला माहीत होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "तुमची ती मोजणीची वही आणा."

वहीत माझे रकाने होते. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि प्रत्येकीसाठी तिच्या रकान्यात एक रेघ ओढायची. गोल, निळ्या कडेच्या पेशींचा रकाना भरून वाहत होता. सरांनी एक काचपट्टी लावली आणि म्हणाले, "ही कोण?"

"लिम्फोसाइट. शिपाई."

"ही?"

"तीच."

"नीट पाहा. कड निळी आहे का? की जवळपास नाहीच?"

मी पाहिलं. कड फिकी होती. केंद्रक जास्तच गच्च होतं. सरांनी काचपट्टी सरकवली. तिथं तसल्याच चार-पाच पेशी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

"या रक्त गोठवणाऱ्या पेशी आहेत," ते म्हणाले. "जखम झाली की तिथं जाऊन भोक बुजवतात. तुमच्या-माझ्या रक्तात हे काम पेशींचे नुसते तुकडे करतात, त्यांना केंद्रक नसतं. माशात त्या अख्ख्या पेशी असतात, आणि गोल झाल्या की हुबेहूब लिम्फोसाइटसारख्या दिसतात. भलेभले फसतात. तुमच्या पत्रकातल्या शिपायांपैकी बरेचसे गवंडी आहेत, बाई."

मला हसू यायला हवं होतं. माझे कान तापले. दीड महिना मी गवंड्यांना शिपाई म्हणून मोजत होते, आणि त्या मोजणीवर मी शहरभर कागद वाटला होता.

"मग सगळंच वेगळं आहे?" मी विचारलं.

"असं कुठं म्हटलं?"

त्या आठवड्यात सरांनी मला मरळ उघडून दाखवली. आपल्या पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात, म्हणजे मज्जेत, तयार होतात. माशाच्या हाडात ते काम चालत नाही. डोक्यामागे, मूत्रपिंडाचा जो पुढचा भाग असतो, तिथं त्याचा कारखाना. आपल्या काखेत, मानेत गाठी असतात, ताप आला की सुजतात. माशाला तसल्या गाठीच नसतात. प्लीहा मात्र असते. गिळणाऱ्या पेशी असतात, आणि त्या आपल्यासारख्याच गिळतात. जंतूला चिकटणारं द्रव्यही असतं, फक्त आपल्याकडे त्याचे जितके प्रकार तितके त्याच्याकडे नाहीत. प्रत्येक वाक्यानंतर मी वहीच्या डाव्या पानावर 'सारखं' किंवा उजव्या पानावर 'वेगळं' असं लिहीत होते, आणि प्रत्येक वेळी सर म्हणत, "पण."

शेवटी मी पेन ठेवलं. "सर, एकदाच सांगा. सारखं आहे की वेगळं?"

"कशासाठी विचारताय त्यावर आहे."

असल्या उत्तरांशीच माझं भांडण होतं. ज्यांना बाजू घ्यायची नसते ते असं बोलतात, असं मला वाटायचं. मी त्यांना अक्कांबद्दल सांगितलं, सुरतेबद्दल सांगितलं.

"तुमचं रक्त सारखं आहे की वेगळं, यावरून रोग लागेल की नाही हे ठरतच नाही," ते म्हणाले. "कुत्रा तुमच्यासारखाच सस्तन. हाडात मगज, काखेत गाठी, सगळं आहे. त्याचे सगळे रोग तुम्हाला होतात का?"

"नाही."

"आणि पिसाळलेला चावला तर?"

मी वही मिटली.

"गुरुजींनी तुमच्या वाक्यावरून चुकीचा निष्कर्ष काढला. तुम्ही आता उलट वाक्य लिहाल, की मासा वेगळा, म्हणून भीती नाही. तोही निष्कर्ष चुकीचाच."

"मग या रोगाचं खरं काय?"

"कारण नक्की कळलेलं नाही. कुणी बुरशी म्हणतं, कुणी विषाणू, कुणी पाणी. माणसाला झाल्याचं माझ्या वाचनात तरी नाही. घाव असलेला मासा मी खाणार नाही. चांगला, नीट शिजवलेला मी खातो. कालच खाल्ला."

हे सगळं पत्रकात कसं मांडायचं हे मला कळेना. मी एक रात्र नव्हे, चांगले दोन आठवडे गोंधळलेली होते. डाळीत मीठ दोनदा पडायचं. घरमालकीण म्हातारी म्हणायची, "काय गं, प्रेमात पडलीस की काय?" आणि मी ओरडून सांगायची, "नाही आजी, माशात." तिला तेही ऐकू यायचं नाही. ती समजल्यासारखी मान हलवायची.

अक्कांच्या त्या दोन मरळी मी प्रयोगशाळेत ठेवल्या होत्या. एक व्हरांड्यातल्या टाकीत, जिथं पहाटे पाणी बर्फासारखं व्हायचं. दुसरी आत, टाकीवर विजेचा दिवा टांगून. हे मला अक्कांच्याच एका वाक्यानं सुचलं होतं. "थंडीमा मासाना घाव भरत नही," त्या एकदा सहज म्हणाल्या होत्या. "ऊन तपनं का भरस." सर म्हणाले, बाई बरोबर बोलतात. आपलं अंग थंडीतही आतून गरमच असतं, म्हणून आपल्या पांढऱ्या पेशी थंडीतही कामावर असतात. मासा पाण्याइतका थंड होतो, आणि त्याच्या पेशीही मंदावतात.

मी दर दोन दिवसांनी दोघींच्या घावाच्या कडेचा पातळ थर काचपट्टीवर घ्यायची. दिव्याखालच्या मरळीच्या घावाशी गिळणाऱ्या पेशींची दाटी होत गेली, गवंडीही आले, आणि कडेनं काळसर नवी कातडी आत सरकू लागली. व्हरांड्यातल्या मरळीच्या घावाशी तुरळक पेशी, तशाच. ती नवव्या दिवशी मेली. दुसरी जगली. मी धावत सरांकडे गेले.

"दोन माशांवरून काही सिद्ध होत नाही," सर म्हणाले. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "पण पाहण्यासारखं आहे."

शनिवारी मी धुळ्याला गेले ती मजकूर घेऊनच. रविवारी सकाळी छापखान्यात नानांनी पेन्सिल घेतली. मी समोर उभी. सात 'पण' निघाले.

"हे पत्रक नाही," नाना म्हणाले. "ही परीक्षेची उत्तरपत्रिका आहे."

"नाना, खरं तेवढंच आहे."

"खरं असेल. रस्त्यावर कोण वाचेल? लिही, मासे खा, काही होत नाही. अक्काचं काम होईल."

"मला माहीत नाही नाना, काही होत नाही असं. मी तसं कसं लिहू?"

"मागच्या वेळी तुला माहीत होतं?"

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, तरी लागायचं तिथं लागलं. मी म्हटलं, "नव्हतं. तरी लिहिलं. तुम्ही शाबासकी दिलीत."

नानांनी पेन्सिल कानावर ठेवली. यंत्राच्या चाकावर हात टेकून ते उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांचे 'पण' काढून टाकले होते. त्यांतले किती काढायचे होते आणि किती नव्हते, हे ते त्या वेळी आठवत असावेत असं मला वाटलं.

अक्का दारात आल्या, सून मागे. "निघना का कागद?"

मी मजकूर वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकला. मग विचारलं, "तू खाशी का?"

"काय?"

"मासा. मना कट्टावरला. तू खाशी का?"

मी विचार केला. त्यांना घाई नव्हती. "घाव नाही ना ते दोन्ही बाजूंनी पाहीन," मी म्हटलं. "कल्ले उघडून पाहीन. चांगला उकळेपर्यंत शिजवीन. मग खाईन."

"मंग तेच लिख ना, माय. कसाले इतलं लांब?"

नाना म्हणाले, "पत्रकात 'मी' नसतो, अक्का. 'आम्ही' असतो."

"तुमीबी खाशात ना, भाऊ? मंग दोनजन लिखा."

शेवटी जे छापलं त्यात तीन 'पण' राहिले. वर मथळा 'मागच्या पत्रकात चूक झाली'. खाली असं की माशाच्या आणि आपल्या रक्तातल्या पेशी काही बाबतींत सारख्या आहेत, पण काही बाबतींत नाहीत, आणि मी त्या मोजताना चुकले होते. पेशी सारख्या असल्या म्हणून रोग लागतो असं नाही, पण वेगळ्या असल्या म्हणून लागत नाही असंही नाही. हा रोग माणसाला झाल्याचं आम्हाला विचारून कळलेलं नाही, पण त्याचं कारणही अजून कुणाला नक्की माहीत नाही. घाव असलेला मासा घेऊ नका. चांगला कसा पाहायचा, ते दोन ओळींत. आणि मग, असा मासा आम्ही दोघं खातो. खाली माझं नाव आणि नानांचं. खिळे जुळवताना प्रत्येक 'पण'पाशी त्यांचा हात थांबलेला मी पाहिला. त्यांनी एकही गाळला नाही.

बुधवारी मला कॉलेज होतं तरी मी धुळ्यात राहिले आणि कट्ट्यावर अक्कांच्या शेजारी बसले. लोक कागद घेत, मथळा वाचत आणि बरेचसे खरंच चुरगळत. नानांचं म्हणणं खरं होतं. गुरुजी आले. त्यांनी उभ्यानं सगळं वाचलं, खिशातून पेन काढून एका वाक्याखाली रेघ मारली.

"'कुणाला नक्की माहीत नाही' असं लिहिलंय तुम्ही."

"हो गुरुजी."

"मग कागद कशाला काढला?"

अक्कांनी टोपलीतली मरळ उचलली, एका बाजूनं दाखवली, उलटी केली, दुसऱ्या बाजूनं दाखवली, अंगठ्यानं कल्ला उघडून आतला लाल रंग दाखवला. "देखी ल्या," म्हणाल्या. गुरुजींनी वाकून पाहिलं. चष्मा काढून पुन्हा पाहिलं. त्या दिवशी त्यांनी घेतली नाही. पुढच्या बुधवारी घेतली, असं मला सुनेनं सांगितलं.

तेवढ्यानं सगळं सावरलं असं नाही. गिऱ्हाईक थोडं थोडं परत आलं. अक्का तेव्हापासून प्रत्येक मासा दोन्ही बाजूंनी उलटून, कल्ला उघडून दाखवतात, कुणी मागो न मागो. मुलगा तरी सुरतेला गेलाच. त्याला कागदाचा परिणाम दिसेपर्यंत आणि होळीपर्यंत थांबवेना. त्यानं जाळं मात्र विकलं नाही. आईच्या हवाली केलं. अक्का आणि सून दोघी तलावावर जायला लागल्या, आणि तिथं बायकांनी जाळं टाकलेलं पाहून काठावरच्या लोकांनी काय काय म्हटलं तो वेगळ्या पत्रकाचा विषय होता. ते मी नंतर लिहिलं. त्यात 'पण' नव्हता.

उन्हं चढल्यावर, चैत्राच्या सुमारास, मी घरी आले तेव्हा अक्कांनी मला हाक मारली. गोणपाटात तलावातली एक मरळ होती, जिवंत. तिच्या कुशीवर मोठा, फिकट वण होता. कडेनं खवले वेडेवाकडे आलेले, तरी घाव पूर्ण बुजलेला.

"हाई वाचनी," अक्का म्हणाल्या. "आते सांग, हाई कोनं करं? तुना शिपाईस्नी का तुना गवंडीस्नी?"

"दोघांनी असेल," मी म्हटलं. "आणि उन्हानं."

"नक्की?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि मरळ पुन्हा गोणपाटात गुंडाळली. ती मी जळगावला नेली, रक्ताचा थेंब काढला आणि मोजायला बसले. माझ्या वहीत आता एक नवा रकाना होता, वर काहीच न लिहिलेला. ज्या पेशीची कड निळी आहे की नाही हे मला ठरवता येत नव्हतं तिची रेघ मी तिथं ओढायची. शंभर मोजून झाल्यावर त्या रकान्यात अकरा रेघा होत्या. सरांनी पाहिल्या आणि खाली सही केली.